पाळणा, पोप आणि पात्र जोडपी

“बाई, तांबी बसवली तर मिस्सेला प्रभुभोजन घ्यायचं की नाही?” वसईच्या पश्चिम पट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना हा प्रश्न मला अनेकींनी विचारला. विचारायच्या आधी दार लोटून घ्यायच्या. मी सरकारी नोकर आणि कॅथलिकही. कपाटात तांब्या, निरोध आणि माला-डीची पाकिटं, टेबलावर मूल होण्याच्या वयातल्या, म्हणजे सरकारी भाषेत ‘पात्र’, जोडप्यांची नोंदवही आणि रविवारी चर्चमध्ये त्याच बायकांच्या बाकावर मी. हिला दोन्हीकडचं ठाऊक असणार, असं त्या धरून चालायच्या.

मग ठाऊक करून घेणं भागच होतं. कॅथलिक धर्म सांगतो की होतील तितकी मुलं होऊ द्या, अशी बाहेरच्यांची समजूत असते. आमच्यातल्याही पुष्कळांची आहे. प्रत्यक्षात चर्चचा सगळा वाद साधनाचा आहे, आकड्याचा नाही. दोन मुलांवर थांबायचं ठरवलेलं जोडपं दिवस पाळून थांबलं तर चर्चची हरकत नाही, पुरेसं कारण मात्र हवं. तेच जोडपं गोळी घेऊन किंवा ऑपरेशन करून थांबलं तर आहे.

यामागचा विचार असा: नवरा-बायकोच्या संबंधाला दोन अर्थ आहेत, एकमेकांशी जोडलं जाणं आणि नवा जीव येण्याची शक्यता. देवाने बांधलेली ही गाठ माणसाने आपल्या हाताने सोडवू नये. ज्या दिवसांत गर्भ राहत नाही ते निसर्गानेच दिलेले आहेत, त्यांचा उपयोग करण्यात गाठ सुटत नाही. गोळी, निरोध, तांबी आणि नसबंदीने ती सुटते. आजारावरचा उपाय म्हणून गोळी घेतली आणि तिच्यामुळे गर्भ राहिला नाही, तर मात्र दोष नाही. पाळीत अंगावरून फार जातं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या बायका माझ्याकडे घाबरून यायच्या. हे सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

१९३० ते १९५१

शिकवण जुनी आहे, पण आजचा वाद सुरू झाला तो १९३० साली. त्या वर्षी लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी काही परिस्थितीत कृत्रिम साधनांना मोकळीक दिली. रोमने डिसेंबरात उत्तर दिलं. पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोन्नुबी’ या परिपत्रकात असली सगळी साधनं पाप ठरवली. त्याच सुमाराला जपानमधले डॉ. क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियातले डॉ. हेरमान क्नाउस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिलं होतं की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बाहेर पडतं. दिवस मोजायची पद्धत त्यातून निघाली.

१९५१ मध्ये पोप बारावे पायस इटलीतल्या सुइणींपुढे बोलले. आजारपण, गरिबी अशी गंभीर कारणं असतील तर जोडप्याने हे दिवस पाळावेत, असं त्यांनी सांगितलं. पाळणा लांबवावा का, या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. कशाने लांबवावा, हे भांडण उरलं.

रोममधली बैठक

१९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली. ती तयार करणाऱ्यांत बॉस्टनचे डॉ. जॉन रॉक होते, रोज मिस्सेला जाणारे कॅथलिक. शरीरात मुळात असतात त्याच तऱ्हेची संप्रेरकं गोळीत आहेत, ती फक्त सुरक्षित दिवस वाढवते, असं त्यांचं म्हणणं होतं. जुन्या नियमात या युक्तिवादाला तयार उत्तर नव्हतं. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये सहा जणांचं मंडळ नेमलं. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांच्या जागी आलेले पोप सहावे पॉल मंडळ वाढवत गेले.

हेच सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले. आमच्याकडून माणसं लोटली होती. आई धाकट्याला कडेवर आणि मला बोटाला धरून गेली. आम्ही तेव्हा सहा भावंडं होतो, पुढे आठ झालो. ज्यांना लांबून बघून ती हात जोडत होती, त्यांच्या टेबलावर आपलाच विषय पडला आहे याचा तिला पत्ताही नव्हता.

मंडळात धर्मपंडितांबरोबर डॉक्टर आले, लोकसंख्येचे अभ्यासक आले आणि तीन विवाहित जोडपीही आली. त्यांतले शिकागोचे पॅट आणि पॅटी क्राउली कॅथलिक कुटुंबांची एक मोठी चळवळ चालवत. रोममध्ये या नवरा-बायकोची सोय वेगवेगळ्या ठिकाणी केली होती. तो पुरुषांच्या वसतिगृहात, ती कॉन्व्हेंटात. बैठक वैवाहिक जीवनावर, आणि त्यासाठी आलेलं जोडपं रात्री दोन छपरांखाली! क्राउलींनी येताना १८ देशांतल्या सुमारे ३,००० जोडप्यांकडून प्रश्नावली भरून आणली होती. दिवस मोजण्यात संसाराचं काय होतं, हे त्या कागदांत धार्मिक, मिस्सा न चुकवणाऱ्या माणसांनी लिहिलं होतं: तारखांची धास्ती, एकमेकांचा टाळलेला स्पर्श आणि एवढं करून राहिलेले गर्भ. मंडळापुढे ते वाचलं गेलं. पुढे बसलेल्या कित्येक धर्मगुरूंनी असं काही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

याच बैठकांतला एक प्रसंग सांगितला जातो. शिकवण बदलली तर आजवर आपण नरकात पाठवलेल्या लाखो जिवांचं काय, अशी चिंता एका स्पॅनिश पंडिताने बोलून दाखवली. तेव्हा पॅटीबाईंनी विचारलं की फादर, तुमचे सगळे हुकूम देवाने अमलात आणले असं तुम्हाला खरंच वाटतं का?

शेवटच्या टप्प्यात सोळा बिशप आणि कार्डिनल मंडळावर नेमले गेले. त्यांत मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस होते, भारताचे पहिले कार्डिनल. वसई तेव्हा त्यांच्याच धर्मप्रांतात मोडत होती. १९६६ मध्ये मंडळाचं बहुमत बदलाच्या बाजूने पडलं. साधन कोणतं घ्यायचं हे जबाबदार जोडप्यावर सोपवावं, असा त्याचा मथितार्थ. अल्पमतातल्यांचा मुद्दा मात्र बिनतोड वाटावा असा होता. आज बदल केला तर १९३० मध्ये पवित्र आत्मा रोमकडे नव्हता, अँग्लिकनांकडे होता, असं कबूल करावं लागेल. पुढच्या वर्षी हे कागद वर्तमानपत्रात फुटले आणि जगभरचे कॅथलिक बदल होणार असं धरून बसले.

पोपनी अल्पमत उचललं. २५ जुलै १९६८ रोजी ‘हुमाने विते’ या परिपत्रकावर त्यांनी सही केली. एकेका संबंधाची जीवनाकडची वाट उघडी राहिली पाहिजे, हा नियम त्यात कायम झाला. जबाबदार पालकत्वाचा गौरवही त्याच पत्रात आहे. गंभीर कारणाने मुलं थांबवणं योग्य आहे, असं ते स्वच्छ सांगतं.

दोनच महिन्यांत कॅनडाच्या बिशपांनी विनिपेगला निवेदन काढलं. प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्यांना हे झेपत नाही त्यांनी सदसद्विवेकाने जो मार्ग बरा वाटेल तो घ्यावा, असा त्याचा सूर होता. आमच्याकडे असं निवेदन वाचायला कुणी बसलं नव्हतं, पण पापनिवेदनाच्या जाळीआड बरेच धर्मगुरू तेच सांगत. काही सांगत नसत. म्हणून दार लोटून विचारणारीला मी म्हणायची, “नियम आहे तो असा आहे. तुझी तीन सिझेरियन झाली आहेत, हेही फादरांना सांग. ते गाळून विचारू नकोस.” पुष्कळदा त्या एवढ्या तपशिलानेच उत्तर बदलून यायचं.

इशारा खरा ठरला

‘हुमाने विते’ला नावं ठेवणारे त्यातला एक परिच्छेद सहसा वाचत नाहीत. कृत्रिम साधनं एकदा योग्य ठरली की उद्या सरकारं ती प्रजेवर लादतील, त्यांना कोण अडवणार, असं सहावे पॉल विचारतात. आठ वर्षांत, आणीबाणीत, आपल्याकडे ते घडलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. माझे मामा शाळामास्तर. मुलांना पाढे शिकवायचे सोडून ते केसेस शोधत हिंडत होते, कारण केसेस आल्या नाहीत तर पगार अडणार होता.

मी नोकरीला लागले तेव्हा आणीबाणी संपली होती, नसबंदीचं टार्गेट संपलं नव्हतं. मार्च जवळ आला की वरून एकच विचारणा, किती झाल्या? १९९६ मध्ये टार्गेट कागदावरून गेलं. सवय जायला वेळ लागला. आणि सगळा भार बाईवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत नसबंदी झालेल्या स्त्रिया ३७.९ टक्के आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, अर्ध्या तासात घरी जाता येतं. तरी नवरा म्हणणार, मला शेतात वजन उचलायचं असतं. पाण्याचे हंडे काय आपोआप चालत येतात?

तक्ता कुणाचा?

चर्चने सांगितलेला नैसर्गिक मार्ग आता नुसत्या कॅलेंडरचा राहिलेला नाही. मेलबर्नचे डॉक्टर दांपत्य जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज यांनी अंगावरच्या स्रावावरून सुपीक दिवस ओळखायला शिकवलं. आमच्या भागात एक सिस्टर हे शिकवायच्या. त्यांच्या तक्त्यावर पाळीच्या दिवसाला लाल चिकटपट्टी, कोरड्या दिवसाला हिरवी आणि स्राव दिसला की बाळाचं चित्र असलेली पांढरी. मी ही पद्धत मन लावून शिकले आणि शिकवलीही. दहावी नापास मुलीला स्वतःच्या शरीराचं इतकं नेमकं ज्ञान माझ्या खात्याच्या कुठल्याही पत्रकाने दिलं नव्हतं. मूल हवं असून राहत नसलेल्यांना तर ती फार उपयोगी पडली.

एका घरी असा तक्ता देवघराशेजारी खिळ्याला लावलेला होता. पाळी, मग हिरव्या पट्ट्या, मग पांढऱ्या. एका पांढऱ्या पट्टीवर तिने पेनाने फुली मारली होती. मी विचारलं, ही कसली? ती म्हणाली, “ते पिऊन आले होते.” पुढच्या ओळी कोऱ्याच होत्या. तिला दिवस गेले होते.

परिपत्रकातलं जोडपं एकमेकांशी बोलणारं आहे. संयम दोघांचा, निर्णय दोघांचा. तसा संसार असेल तिथे ही पद्धत चालते, हे मी पाहिलं आहे. पण बाळंतपणानंतर पाळी मागेपुढे होते, नवरा बोटीवरून महिन्यांनी घरी येतो, कुणाचा नवरा ‘नाही’ हा शब्द ऐकतच नाही. त्या बाईला संयम शिकवून काय करणार? संयम तिच्या हातात असता तर ती माझ्या दारात आली नसती. तिला मी तांबी दिली आणि त्याबद्दल माझ्या मनात कधी खळखळ झाली नाही.

पाचव्याला पैसे, तिसऱ्याला बंदी

आता वारं उलटं फिरलं आहे. मुलं कमी पडतात, अशी ओरड सुरू झाली आहे. केरळातल्या पाला धर्मप्रांताने २०२१ मध्ये जाहीर केलं की २००० नंतर लग्न झालेल्या आणि पाच किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्यांना दरमहा १,५०० रुपये मदत देऊ. आपल्या महाराष्ट्रात दोनपेक्षा जास्त मुलं असली, आणि शेवटचं ठरलेल्या तारखेनंतरचं असलं, तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. एक पाचव्यासाठी हात पुढे करतो, दुसरा तिसऱ्यासाठी दार लावतो. दीड हजारात पाचव्याच्या दुधाचाही हिशेब बसत नाही. निवडणुकीच्या धाकाने गर्भ पाडायला निघालेली बाईही मी पाहिली आहे.

पोप फ्रान्सिस जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलले. चांगला कॅथलिक व्हायला सशांसारखी पिल्लं घालावी लागतात असं नाही, हे त्यांनीच सांगितलं. सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर राहिलेल्या एका बाईला आपण बोल लावल्याचंही सांगितलं. ससे गाजले. मला त्या बाईला लावलेला बोल टोचला. तिच्या नवऱ्याला कुणी काही विचारल्याचं त्या बातमीत नव्हतं.

लोकांनी मात्र आपला निकाल कधीच लावून टाकला आहे. कॅथलिक इटलीत जन्मदर जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी. ज्या गोव्याच्या गावोगाव क्रूस आहेत, तिथे एका बाईमागे मुलं १.३, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत आहे. तिथे बहुसंख्य हिंदू आहेत, तेव्हा हा आकडा धर्माच्या खात्यावर कुणी मांडू नये. वसईत माझ्या पिढीत सात-आठ भावंडांची घरं होती, आता दोनावर तिसरं दिसलं की शेजारी भुवया उंचावतात. आपल्या मुलीला आपल्यासारखं होऊ नये, असं आयांनी ठरवलं, मुलींना शिकवलं आणि हे घडलं. परिपत्रकाने ते अडलं नाही आणि टार्गेटनेही ते झालं नाही.

निवृत्तीनंतर मी लग्नाआधीच्या शिबिरात तासभर बोलते. चर्चचा नियम मी जसा आहे तसा सांगते, त्याला पाणी घालत नाही. सरकारी दवाखान्यात काय काय मिळतं आणि कशाचे काय दुष्परिणाम, तेही सांगते. आयोजकांपैकी काहींना हे दोन्ही एका तासात आलेलं रुचत नाही. पण मुलामुलींना अर्धं सांगून पाठवलं तर उरलेलं अर्धं ती मोबाइलवरून शिकतात, आणि तिथे फादरही नसतात, नर्सही नसते. चर्चने पद्धत शिकवावी, तिची कारणं सांगावीत, न झेपणाऱ्याला दारातून हाकलू नये. सरकारने साधनं द्यावीत, ती नीट देणारी माणसं नेमावीत. किती मुलं हवीत हा आकडा मात्र दोघांनीही उच्चारू नये. आणि रोममध्ये पुन्हा कधी असं मंडळ बसलंच, तर निम्म्या खुर्च्या बाळंत झालेल्या बायकांना द्याव्यात. क्राउलींसारखी प्रश्नावली घेऊन हिंडायची मग गरजच पडणार नाही.