एसपी घेतलं, आता मॅथ्सचं काय?

अकरावीत मॅथ्स नको म्हणून एसपी घेतलंत ना? आता एफवायला चक्रवाढ व्याज समोर आणि तुम्ही शेवटच्या बाकावर! अशांसाठी काही कॉलेजांत ब्रिज कोर्स असतो. तिथे सुरुवात थेट अपूर्णांक-टक्केवारीपासून, कारण गाडी बहुतेकदा तिथेच अडलेली असते. ‘ढ मुलांचा वर्ग’ म्हणून कुणी फिरकत नाही. मीही टाळलाच होता. टक्केवारी येते म्हणता? १०० रुपयांचा टी-शर्ट आधी २० टक्क्यांनी महागला, मग त्यावर २० टक्के सूट. किंमत? १०० नाही, ९६! सूट १२० वर मोजतात. अडलात? मग नोटीस बोर्ड बघा आणि नाव देऊन टाका, केटी लागायच्या आत.