रिमोट बोलतो, पण ऐकत नाही

‘आमच्या टीव्हीचा कोड काय?’ युनिव्हर्सल रिमोट घेणारा जवळपास प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कारण टीव्हीला असा काही कोड नसतोच.

रिमोटच्या पुस्तिकेत कंपनीच्या नावापुढे छापलेला तीन, चार किंवा पाच आकडी क्रमांक टीव्हीचा नसून त्या रिमोटचा असतो. रिमोटच्या चिपमध्ये शेकडो उपकरणांच्या आज्ञांचे तक्ते भरलेले असतात. यातला कितवा तक्ता वापरायचा एवढंच तो क्रमांक सांगतो. शाळेतल्या हजेरी क्रमांकासारखं हे आहे. पाचवी ‘अ’मधला तेवीस नंबर आणि पाचवी ‘ब’मधला तेवीस नंबर ही दोन वेगळी मुलं. त्यामुळे इंटरनेटवर कुणीतरी ‘सॅमसंगचा कोड अमुक’ असं लिहिलेलं असतं, ते त्याच्या रिमोटपुरतं खरं असतं आणि तुमच्या रिमोटवर तोच क्रमांक एखाद्या व्हीसीआरचा निघू शकतो. कोड शोधायचा तर टीव्हीच्या नावाबरोबर रिमोटचा मॉडेल क्रमांकही हवा. तो बहुतेक वेळा सेल घालायच्या खणात किंवा पाठीवर छापलेला असतो.

मग टीव्हीला प्रत्यक्षात काय मिळतं? रिमोटच्या टोकाला असलेला एलईडी डोळ्यांना न दिसणारा, साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश फेकतो. तो नुसता पेटून राहत नाही. अगदी प्रचलित अशा एनईसी पद्धतीत तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकीचेच लहानमोठे तुकडे करून संदेश बनतो. आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग साडेचार मिलिसेकंदांची शांतता, आणि त्यानंतर ३२ बिट: उपकरणाचा पत्ता, तोच पत्ता उलटा करून, आज्ञा, आणि तीच आज्ञा उलटी करून. हे उलटं रूप पडताळणीसाठी असतं. मूळ आणि उलट जुळलं नाही तर टीव्ही तो संदेश फेकून देतो. सगळा कारभार ६८ मिलिसेकंदांच्या आत उरकतो. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते आणि तिचा संदेश १४ बिटांचा. सोनीची ४० किलोहर्ट्झवर; तिच्यात १२, १५ किंवा २० बिट असतात. या पद्धती एकमेकींना कळत नाहीत.

यात एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे पोचपावती. टीव्हीने संदेश ऐकला की नाही, तो चालू आहे की बंद, आवाज किती आहे, यातलं काहीही रिमोटला कधीच कळत नाही. पुढच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ इथे आहे.

‘कंपनी एकच, म्हणजे कोडही एकच’

एकाच कंपनीचा टीव्ही आणि होम थिएटर एकाच पद्धतीत बोलत असतील, पण त्यांचे पत्ते वेगळे असतात, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवताना होम थिएटरचाही वाढला असता. आरसी-५ मध्ये तर हे आधीच वाटून ठेवलेलं आहे: टीव्हीला पत्ता ०, ॲम्प्लिफायरला १६, सीडी प्लेअरला २०. काही कंपन्या एकाच उपकरणाला दोन पत्ते देतात. यामाहाच्या बऱ्याच एव्ही रिसीव्हरमध्ये रिमोट आयडी १ किंवा २ निवडता येतो, म्हणजे एका घरात दोन यामाहा असले तरी भांडण नको. नेमकी ही सेटिंग कुणीतरी बदलून ठेवलेली असते, आणि मग पुस्तिकेतला बरोबर कोडही चुकीचा ठरतो.

याची दुसरी बाजू जास्त मजेदार आहे. स्वस्त ५.१ स्पीकर, त्यात बसवलेलं यूएसबी-एफएमचं कार्ड, एलईडी पट्ट्या या सगळ्यांबरोबर येणारे छोटे चपटे रिमोट बऱ्याचदा एनईसी पद्धतीचे आणि पत्ता शून्यच असलेले असतात. मग स्पीकरचं गाणं पुढे नेलं की खोलीतल्या दिव्यांचा रंग बदलतो. यात भुताटकी नाही, दोघांचा पत्ता एकच आहे इतकंच.

‘दिसायला तसाच आहे, चालेल’

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जुना रिमोट दाखवून नवा घेण्याची आपली पद्धत वाईट नाही. मुरलेला दुकानदार चेहऱ्यावरून ओळखतोही. पण प्लास्टिकचा साचा आणि आतली चिप यांचा संबंध असेलच असं नाही. एकाच साच्यात वेगवेगळे कोड भरून विकले जातात, आणि अजिबात सारखे न दिसणारे दोन रिमोट एकच कोड पाठवतात. म्हणून शक्य असेल तर दुकानातल्या चाचणीयंत्रावर दोन्ही रिमोटची तीनचार बटणं तपासून घ्यावीत. ज्याचा दिवा नुसता लुकलुकतो अशा चाचणीयंत्रावर विसंबू नये. ते ‘काहीतरी निघालं’ एवढंच सांगतं.

‘टीव्ही बंद झाला, म्हणजे कोड सापडला’

ऑटो सर्चमध्ये रिमोट एकामागून एक तक्त्यातली पॉवरची आज्ञा पाठवत राहतो आणि टीव्ही बंद झाला की आपण त्याला थांबवायचं असतं. कुठल्या आज्ञेने टीव्ही बंद झाला हे रिमोटला माहीत नाही, ते आपल्याला बघायचं असतं. आपण थांबवेपर्यंत तो एकदोन तक्ते पुढे गेलेला असतो, म्हणून मागे यायची सोय दिलेली असते. पण खरी मेख वेगळी आहे. एकाच कंपनीच्या दहा तक्त्यांमध्ये पॉवर आणि आवाजाची आज्ञा सारखी, पण मेनू, सोर्स आणि बाणांची बटणं वेगळी असू शकतात. पॉवर चालली म्हणून खूश होऊन माणूस थांबतो आणि आठ दिवसांनी एचडीएमआय बदलायला जातो तेव्हा काहीच घडत नाही. कोड पक्का करण्याआधी सोर्स, मेनू आणि म्यूट ही तीन बटणं दाबून पाहावीत. पॉवरपेक्षा हीच कसोटी खरी.

‘लर्निंग रिमोट म्हणजे हुबेहूब नक्कल’

शिकणाऱ्या रिमोटची कल्पना जुनी आहे. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी १९८७ मध्ये ‘सीएल ९’ या आपल्या नव्या कंपनीतर्फे ‘कोअर’ नावाचा असा रिमोट बाजारात आणला होता. आज सेट टॉप बॉक्सच्या साध्या रिमोटवरही टीव्हीसाठी चारसहा शिकणारी बटणं असतात. जुना आणि नवा रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, दोघांची बटणं दाबायची, झालं.

झालं, पण नेहमी नाही. शिकणारा रिमोट संदेशाचा अर्थ लावतोच असं नाही. साधे रिमोट झोत किती वेळ होता आणि शांतता किती वेळ होती एवढंच मोजून तसंच परत म्हणतात. आरसी-५ मध्ये याने मोठी पंचाईत होते. त्या संदेशात एक बिट असा असतो की बटण नव्याने दाबलं की तो उलटतो आणि धरून ठेवलं तर तसाच राहतो. त्यावरून टीव्हीला कळतं की ‘५’ हे बटण दोनदा दाबलं की एकदाच दाबून धरलं. शिकलेल्या नकलेत हा बिट गोठलेला असतो. मग ५५ नंबरचं चॅनेल लावायला गेलं की टीव्हीला वाटतं पहिलाच ५ अजून दाबून धरलाय, आणि तो दुसरा ५ गिळून टाकतो. आवाजाच्या बटणावर हा दोष दिसत नाही, कारण तिथे धरून ठेवणं चालतंच. म्हणून ‘आवाज चालतो, आकडे अडकतात’ अशी तक्रार आली की रिमोट बिघडला असं समजू नका. अशा उपकरणांना शिकवण्यापेक्षा तयार तक्त्यातला कोड वापरणं बरं. त्यात हा बिट चिप स्वतः उलटवत असते.

एनईसीत अडचण निराळी. बटण दाबून धरलं की पूर्ण संदेश एकदाच जातो आणि पुढे सुमारे दर ११० मिलिसेकंदांनी नुसती एक छोटी ‘तेच पुन्हा’ अशी खूण जाते. शिकवताना तुम्ही जुन्या रिमोटचं बटण आधीच दाबून धरलेलं असेल तर नव्याच्या हाती फक्त ती खूण लागते, आणि ती एकटी निरर्थक आहे. त्यामुळे आधी नव्या रिमोटला ऐकायला तयार करायचं, मग जुन्याचं बटण दाबायचं. दोघांत दोनचार सेंटिमीटर अंतर, दोन्हींत ताजे सेल, आणि शेजारी सीएफएल दिवा किंवा थेट ऊन नको.

काही उपकरणं सामान्य रिमोटच्या शिकण्याच्या पलीकडची आहेत. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनची जुनी उपकरणं ४५५ किलोहर्ट्झवर बोलतात. ३०-६० किलोहर्ट्झच्या आसपास कान लावून बसलेल्या रिमोटला ते ऐकूच येत नाही.

‘एका बटणावर सगळं’

होम थिएटरवाल्यांचं हे लाडकं स्वप्न. ‘सिनेमा’ बटण दाबलं की टीव्ही, रिसीव्हर, प्लेअर सगळं चालू, योग्य इनपुट निवडलेलं. याला मॅक्रो म्हणतात, आणि तो बसवणं अवघड नाही. तो रोज बरोबर चालणं अवघड आहे.

कारण मूळ रिमोटवरचं पॉवर बटण साधारणपणे ‘उलट कर’ एवढीच आज्ञा देतं: बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. घरातल्या कुणी टीव्ही आधीच लावून ठेवला असेल तर तुमचा मॅक्रो तो इमानेइतबारे बंद करतो आणि रिसीव्हर चालू करतो. लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटने यावर डोकं लढवलं होतं. आपण शेवटी काय पाठवलं ते तो लक्षात ठेवायचा आणि त्यावरून उपकरणांची स्थिती गृहीत धरायचा. पण ती गृहीतच. कुणी टीव्हीवरचं बटण हाताने दाबलं की सगळा हिशेब चुकायचा, आणि म्हणून त्याच्यावर मदतीचं वेगळं बटण होतं, जे दाबलं की रिमोट माणसालाच विचारायचा: टीव्ही चालू झाला का? (लॉजिटेकने २०२१ मध्ये हार्मनी बनवणं थांबवलं.)

खरा उपाय म्हणजे वेगवेगळ्या आज्ञा: ‘चालू’ची निराळी, ‘बंद’ची निराळी. चालू असलेल्या टीव्हीला ‘चालू’ सांगितलं तर तो काहीच करत नाही, आणि तेच हवं असतं. अशा आज्ञा सोनी, सॅमसंग, एलजीच्या बऱ्याच टीव्हींना कळतात, पण त्यांच्या डब्यातून येणाऱ्या रिमोटवर त्यांचं बटणच नसतं! एचडीएमआय १, एचडीएमआय २ अशा थेट इनपुटच्या आज्ञांचंही तसंच. जे बटणच नाही ते शिकवणार कसं? इथे हौशी मंडळींनी जमवलेले कोड कामी येतात.

ते बहुधा ‘प्रॉन्टो हेक्स’ या लिखाणात मिळतात. फिलिप्सच्या प्रॉन्टो रिमोटवरून हे नाव पडलं; रिमोट गेला, लिपी राहिली. चार-चार अक्षरांचे हे गट पाहून लोक दचकतात, पण सुरुवात वाचता येते. पहिला गट शून्यांचा असेल तर पुढे कच्ची मोजमापं आहेत. दुसरा गट लुकलुकण्याचा वेग सांगतो: ‘००६डी’ म्हणजे दशमान पद्धतीत १०९, त्याला ०.२४१२४६ ने गुणलं की एका लुकलुकीचा काळ सुमारे २६.३ मायक्रोसेकंद, अर्थात ३८ किलोहर्ट्झ. तिसरा आणि चौथा गट, झोत-शांततेच्या एकदा पाठवायच्या आणि पुन्हापुन्हा पाठवायच्या जोड्या किती, ते सांगतात. उरलेले आकडे म्हणजे झोत आणि शांततेच्या लांब्या. बस्स.

मॅक्रोत आणखी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे थांबणं. चालू केल्यावर पहिले काही सेकंद बरेच रिसीव्हर आणि टीव्ही कुठलीच आज्ञा ऐकत नाहीत. तेवढा विराम मधे घातला नाही तर इनपुट बदलायची आज्ञा हवेत विरते, आणि रिमोटला त्याचा पत्ताही नसतो.

‘युनिव्हर्सल आहे, म्हणजे फायर स्टिकलाही चालेल’

चालणार नाही, निदान थेट नाही. फायर टीव्ही स्टिक तिच्या रिमोटशी ब्लूटूथने बोलते; त्याच रिमोटमधला अवरक्त एलईडी फक्त टीव्हीची पॉवर आणि आवाज यांसाठी आहे. प्लेस्टेशन ५ मध्येही अवरक्त संदेश टिपणारा डोळा नाही. ॲपल टीव्हीच्या डब्यात मात्र तो आहे आणि सोय उलटी आहे: सेटिंग्जमध्ये जाऊन डब्यालाच तुमच्या दुसऱ्या रिमोटची बटणं शिकवता येतात.

‘एचडीएमआय केबल लावली की रिमोट एकच पुरतो’ यातही निम्मं तथ्य आहे. केबलच्या १३ क्रमांकाच्या पिनवरून सीईसी नावाचा संवाद चालतो. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिम्पलिंक. इथे उपकरणं खरोखर एकमेकांना उत्तरं देतात. पण बऱ्याचदा ही सोय मेनूत बंद असते, आणि चालू असली तरी कंपन्यांची सरमिसळ झाली की कुणीतरी मधेच स्वतःकडे इनपुट ओढून घेतं. जुना सीडी प्लेअर किंवा एचडीएमआय नसलेला ॲम्प्लिफायर तर त्यात कधीच येत नाही.

‘लाल दिवा लागला, म्हणजे सिग्नल गेला’

युनिव्हर्सल रिमोटवरचा लाल दिवा आपल्यासाठी असतो. संदेश नेणारा एलईडी वेगळा, टोकाला, आणि तो दिसत नाही. तो पाहायचा तर मोबाइलचा कॅमेरा समोर धरावा, शक्यतो सेल्फीचा. मागच्या कॅमेऱ्यांत अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी बऱ्याचदा जास्त कडक असते. जांभळट लुकलुक दिसली तर एलईडी आणि सेल ठीक आहेत. कोड बरोबर आहे की नाही हे कॅमेरा सांगत नाही.

राहिला मोबाइलच रिमोट करण्याचा प्रश्न. शाओमीच्या काही फोनसारखा अवरक्त एलईडी फोनच्या डोक्यावर असेल तर ॲप पुरतं. तो नसेल तर ॲप वाय-फायवरून फक्त स्मार्ट टीव्हीशी बोलतं. जुन्या होम थिएटरला ते ऐकू येत नाही. हेडफोनच्या छिद्रात बसणारे छोटे अवरक्त डोंगल मात्र कामाचे असतात आणि त्यातली युक्ती झकास आहे. फोनच्या आवाजाच्या जोडणीतून ३८ किलोहर्ट्झ बाहेर पडू शकत नाही, म्हणून फोन १९ किलोहर्ट्झचा ‘आवाज’ काढतो आणि डोंगलमध्ये दोन एलईडी उलटसुलट जोडलेले असतात. लाट वर गेली की एक पेटतो, खाली आली की दुसरा, आणि टीव्हीला सेकंदाला ३८ हजार लुकलुकी मिळतात. पल्ला कमी असतो, आणि फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवावा लागतो.