संगणक जागा होताना

कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, एकेका उपकरणाची ओळख करून घेत असतो. प्रत्येक उपकरणाशी बोलणारा ड्रायव्हर निराळा. इतिहासाच्या शिक्षकाने यात डोकवावे याचे नवल वाटेल. पण क्रम आणि कारण हा आमचाही विषय आहे.

पालकांच्या हातातील अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवर चालतो. त्यात स्पर्शपडद्याचा ड्रायव्हर आधी सुरू झाला आणि पडद्याला वीज देणारा भाग तयार नसला, तर काम अडते. २०१२ साली लिनक्सच्या ३.४ या आवृत्तीत यावर सोय झाली. असा ड्रायव्हर ५१७ हा संकेतांक परत करतो. त्याचा अर्थ ‘जमणार नाही’ असा नसून ‘नंतर विचारा’ असा आहे. कर्नल त्या उपकरणाची नोंद प्रतीक्षायादीत करतो आणि दुसरे एखादे उपकरण कामास लागताच यादीतील सर्वांना पुन्हा संधी देतो.

वेळ वाचविण्यासाठीही काही ड्रायव्हर मागे ठेवतात. दिंडोरीतील आपल्या शाळेत संगणकाची तासिका मोजक्या मिनिटांची. कॅमेरा, छपाईयंत्र यांचे ड्रायव्हर मागाहून चढविले तरी धडा अडत नाही. मात्र ज्या डिस्कवर मूळ फाइलव्यवस्था आहे, तिचा ड्रायव्हर आरंभीच हाताशी हवा. ती सापडली नाही, तर कर्नल तेथेच थांबतो.