तीन दिवसांत छापून देतो!

वसई-विरारच्या प्राध्यापकांनाही अशी ईमेल नवी नाहीत: शोधनिबंध पाठवा, पैसे भरा, तीन दिवसांत छापू. तीन दिवसांत समीक्षक निबंध वाचतो तरी कधी?

२०१८ मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी थेट विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्यताप्राप्त संशोधन नियतकालिकांची यादीच तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीने आत शिरलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के दर्जाहीन निघाली. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नावे गाळली. मग पुणे विद्यापीठाच्या साथीने यूजीसीची ‘केअर’ ही नवी यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली.

आता पारख संशोधकाच्याच गळ्यात. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक; तो म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे. ‘स्कोपस’ या शोधनिबंध-सूचीत असल्याचा दावा स्कोपसच्याच संकेतस्थळावर पडताळावा. संपादकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर विचारावे. काहींना आपले नाव त्या नियतकालिकात झळकतेय, हेच ठाऊक नसते.