कोलार रोडवरचे सरगुंडे

भोपाळला पहिलं बिऱ्हाड मांडलं तेव्हा स्वयंपाकाचं सामान मोजकंच होतं: दोन कढया, तवा, तीन लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणं, आईनं भरून दिलेला मसाल्याचा डबा आणि कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची तिची जुनी, हळदीचे डाग पडलेली प्रत. कोलार रोडला तिसऱ्या मजल्यावर एक खोली, तिला लागून ओटा, ओट्यावर दोन बर्नरची शेगडी. गॅसजोडणीसाठी लागणारा इथला पत्त्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता, म्हणून ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर आणला. ऑफिस एमपी नगरात. घरी पोचायला आठ वाजतात. त्यानंतर कणीक भिजवायची, तीन पोळ्या लाटायच्या, भाजी चिरायची आणि जेवून ओटा धुवायचा, हे एकट्या माणसाला रोज झेपत नाही. दीड महिना मी डब्यावर काढला. डबा चवीला वाईट नव्हता. पण आज काय खायचं हे रोज दुसऱ्यानं ठरवायचं, याचा मला हळूहळू त्रास व्हायला लागला.

एका शनिवारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून सुटी मॅकरोनी आणली, पातेल्यात उकळत ठेवली आणि घरी फोन लावला. बोलणं संपेपर्यंत आत खळ झाली होती. सगळे तुकडे एकमेकांना चिकटलेले, आणि वर कितीही मीठ टाकलं तरी चव अळणीच. त्या रात्री मी दूध-पोळी खाल्ली. हे असं का झालं ते मात्र मला शोधून काढायचं होतं. उत्तर मिळालं ते घरमालकीणबाईंकडून, आणि तेही गव्हाबद्दल बोलताना.

आंटी मूळच्या उज्जैनकडच्या. रविवारी त्यांच्याकडे दालबाफले असतात. बाफला म्हणजे जाड्या पिठाचा गोळा. तो आधी उकळत्या पाण्यात शिजवतात आणि मग भाजून तुपात बुडवतात. मी विचारलं, पाण्यात हा विरघळत कसा नाही? त्या म्हणाल्या, "बेटा, कठिया गेहूँ है. ये पानी में टूटता नहीं."

कठिया म्हणजेच ड्युरम. आपल्याकडे महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर ज्याला बन्सी म्हणतात, ज्याचा पिवळसर रवा दुकानात 'बन्सी रवा' म्हणून मिळतो, तो हाच गहू. पोळीच्या गव्हाच्या पेशीत 42 गुणसूत्रं असतात, ड्युरमच्या पेशीत 28. दाणा इतका कडक आणि काचेसारखा की दळला की मऊ पीठ होण्याऐवजी त्याचा रवा पडतो. त्यातली प्रथिनं घट्ट जाळं विणतात आणि स्टार्च त्या जाळ्यात धरून ठेवतात. म्हणून ड्युरमचा पास्ता उकळत्या पाण्यात फुगतो, पण फुटत नाही. मैद्याचं जाळं कमजोर असतं. त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो, आणि मग माझ्या पातेल्यात झाली तशी खळ होते. इटलीनं तर 1967 साली कायदाच केला की वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असला पाहिजे. आपल्याकडे तसं बंधन नाही, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचायची. घटकांत पहिलं नाव 'ड्युरम गव्हाचा रवा' असेल तर घ्यायचं, मैदा असेल तर परत ठेवायचं. महागड्या परदेशी पाकिटाची गरज नाही. ड्युरमच्या रव्याचा देशी पास्ता चांगला मिळतो आणि मी रोज तोच खाते.

भोपाळच्या शेजारचा सिहोर जिल्हा प्रसिद्ध आहे तो शरबती गव्हासाठी. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पोळीसाठी शरबतीला तोड नाही, पण तो पास्त्याचा गहू नव्हे. पास्त्याचा गहू थोडा पश्चिमेला, माळव्याच्या काळ्या मातीत पिकतो. इंदूरला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं प्रादेशिक केंद्र 1951 पासून आहे. 'मालवशक्ती', 'पोषण', 'पुसा तेजस' हे ड्युरमचे वाण तिथलेच. म्हणजे मी ज्याला परदेशी खाणं समजत होते, त्याचा गहू माझ्या खिडकीपासून दोनशे किलोमीटरच्या आत उभा होता.

हे मी फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग ते सरगुंडेच की."

आमचं घर अमरावतीचं. उन्हाळ्यात शेवया-कुरडयांबरोबर आमच्याकडे सरगुंडे व्हायचे. रवा आणि कणीक दुधात घट्ट भिजवायची, तिची लांब वळी करायची, ती बारीक काडीभोवती वेढे देत गुंडाळायची आणि हलक्या हातानं सोडवून घ्यायची. स्प्रिंगसारखा पोकळ वेढा तयार होतो. तो वाळवून ठेवायचा, पाहुणे आले की उकडायचा आणि आमरसाबरोबर वाढायचा. दक्षिण इटलीतल्या बायका पिठाची वळी बारीक लोखंडी सळीभोवती फिरवून हाच वेढा करतात. त्यांची फुसिल्ली, आमचे सरगुंडे. गव्हले, मालत्या, नखुल्या घ्या. नखानं दाबून केलेली नखुली आणि बारी शहराच्या गल्लीत बसून अंगठ्यानं दाबलेली ओरेकिएत्ते या एकाच हाताच्या गोष्टी वाटतात. खपली गहू, ज्याच्या शेवया सांगली-साताऱ्याकडे नावाजलेल्या, तो तर ड्युरमच्या पूर्वजांपैकी. आणि वाळवणाचा धंदाही काही आजचा नाही. अरब भूगोलकार अल-इद्रिसीनं 1154 मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात सिसिलीतल्या त्राबिया गावाची नोंद आहे: तिथं 'इत्रिया' नावाच्या, सुतासारख्या वाळवलेल्या शेवया मोठ्या प्रमाणावर करून गलबतांतून दूरदूर पाठवतात.

आईच्या त्या एका वाक्यानं माझी भीती गेली. सरगुंडे कसे उकडायचे ते मला माहीत होतं.

इटालियन घरांतलं रूढ प्रमाण सोपं आहे: 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि 10 ग्रॅमपर्यंत मीठ. एका माणसाला 80 ते 100 ग्रॅम पुरतो. वजनकाटा नसेल तर छोट्या आकाराच्या पास्त्याची वाटी एकदा दुकानात मोजून घ्यावी. एवढ्या पाण्याला मी सपाट दीड छोटा चमचा मीठ घालते. मीठ पाण्यातच जायला हवं, कारण पास्ता शिजताना पाणी पितो आणि चव त्याच वेळी आत शिरते. वरून घातलेलं मीठ नुसतं वर बसतं. पाणी खळखळल्यावर पास्ता टाकायचा आणि पहिली दोन मिनिटं ढवळायचं. चिकटण्याचा धोका तेव्हाच असतो. पाण्यात तेल घालायचं नाही. ते वरच तरंगतं आणि काढताना पास्त्याला लागतं, मग रस धरत नाही. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचावर आहे. इथं पाणी शंभराच्या दीडेक अंश आधीच उकळतं, म्हणून पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर जास्त लागू शकतं. घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवावा. एक तुकडा चावून पाहायचा. आत टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उरला की गॅस बंद.

छोटू सिलिंडरवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. लिटरभर पाणी उकळायला गॅस जातो, आणि त्याची नेहमी गरज नसते. अन्नविज्ञानाचे अमेरिकन लेखक हॅरल्ड मॅगी यांनी 2009 मध्ये प्रयोग करून लिहिलं की पास्ता बऱ्याच कमी पाण्यात, अगदी थंड पाण्यात टाकून सुरुवात केली तरी शिजतो. ढवळत तेवढं राहावं लागतं. मी पसरट कढईत 100 ग्रॅमला अर्धा लिटर पाणी घेते आणि मीठ त्या मानानं निम्मं घालते. 2022 मध्ये युरोपात गॅस भडकला तेव्हा भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले जॉर्जो पारिसी यांनी पाणी उकळल्यावर आच बंद करून, झाकण ठेवून पास्ता शिजवण्याची सूचना लोकांपुढे मांडली, आणि इटलीत त्यावर मोठा वाद झाला. आपल्या घरांत भात वाफेवर ठेवणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. मी दोन मिनिटं उकळते, मग घट्ट झाकण ठेवून आच बंद करते. छोट्या आकाराचा पास्ता छान शिजतो.

यातलं उरलेलं पाणी ओतून देऊ नका. सगळ्यात जास्त मला हेच सांगायचं आहे. त्या गढूळ पाण्यात स्टार्च असतो, आणि तेल नि पाणी एकजीव करायचं काम तो करतो. वाटीभर बाजूला ठेवायचं, पास्ता निथळून फोडणीत टाकायचा, वरून थोडं थोडं पाणी घालत मिनिटभर परतायचं. तेलाचा तवंग नाहीसा होऊन प्रत्येक तुकड्यावर चकचकीत साय धरते. महागडं क्रीम घालून लोक जे मिळवू पाहतात ते इथं फुकट मिळतं.

पहिला पास्ता मी लसणाचाच शिकले आणि अजून तोच सगळ्यात जास्त करते. नेपल्सकडचा गरिबाघरचा प्रकार: लसूण, तेल, लाल मिरची. तिथं ऑलिव्ह तेल वापरतात. मी घाण्याचं शेंगदाणा तेल घेते आणि ते मला अधिक आवडतं. चार-पाच पाकळ्यांचे पातळ काप थंड तेलात टाकून मंद आचेवर ठेवायचे. कडा सोनेरी झाल्या की सुकी मिरची चुरडून घालायची आणि लगेच पास्त्याचं पाणी, म्हणजे लसूण पुढे करपत नाही. करपला तर कडू होतो आणि मग काही उपाय नाही. चीज लागतंच असं नाही. अस्सल पार्मेजानो वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, त्यामुळे शाकाहारी घरांनी ते टाळलेलं बरं. दक्षिण इटलीत गरीब घरं चीजऐवजी शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस परतून वर घालत. पावाच्या दोन कडक झालेल्या कडा माझ्याकडे नेहमीच उरलेल्या असतात.

टोमॅटोचा रस मी शिकले तो मार्चेल्ला हाझान यांच्या कृतीवरून, आणि या बाईंची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इटलीत विज्ञानाची डॉक्टरेट घेतलेली ही बाई 1955 मध्ये लग्न करून न्यूयॉर्कला आली तेव्हा तिला स्वयंपाक येत नव्हता. परक्या शहरातल्या घरात, अदा बोनी यांचं इटालियन पाककृतींचं पुस्तक समोर ठेवून आणि आपल्या घरच्या चवी आठवून ती शिकत गेली. 1973 मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं आणि अमेरिकेला इटालियन घरगुती जेवण तिनं शिकवलं. तिच्या रसात फक्त टोमॅटो, लोणी, मीठ आणि अर्धा कापलेला कांदा. लसूण नाही, मसाला नाही. अर्धा किलो टोमॅटो सोलून चिरायचे, साधारण 40 ग्रॅम लोणी आणि एका लहान कांद्याची दोन शकलं टाकून मंद आचेवर पाऊण तास रटरटू द्यायचं, शेवटी कांदा काढून घ्यायचा. बिट्टन मार्केटच्या हाटात लांबट टोमॅटो मिळतात; त्यात गर जास्त, पाणी कमी, म्हणून अर्ध्या तासातही भागतं. देशी आंबट टोमॅटो असतील तर गुळाचा लहानसा खडा. मी रविवारी करते आणि दोन रात्री पुरवते. काढलेला कांदा फेकायचा नसतो, तो पोळीबरोबर खायचा.

तिसरा प्रकार आपल्या वरणफळांचा सख्खा भाऊ. रोमकडे छोले आणि पास्ता एकत्र शिजवतात. इथल्या बाजारात काबुली चण्याला 'डॉलर चना' म्हणतात. सकाळी मूठभर भिजत घालायचे, रात्री कुकरला लावायचे, निम्मे ठेचायचे, लसूण-टोमॅटोची फोडणी द्यायची आणि छोटा पास्ता त्यातच शिजवायचा. आमसूल मी स्वतःच्या मनानं घालते. ताप आला होता त्या आठवड्यात मी तीन दिवस हेच खाल्लं.

नुकतंच घर सोडून नोकरीच्या गावी आलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की पहिल्या महिन्यात सगळा स्वयंपाक शिकायला जाऊ नका. एक पाणी उकळायला शिका आणि एक फोडणी शिका. वीस मिनिटांत, एका कढईत, आपल्याला हवं ते आपण रांधलेलं असतं. त्या ताटाशी एकटं बसणं डब्याशी एकटं बसण्यापेक्षा फार वेगळं आहे.

मागच्या दिवाळीत आई पहिल्यांदा इथं आली. मी लसणाचा पास्ता वाढला. तिनं एक घास खाल्ला, स्प्रिंगसारखं वेटोळं चमच्यावर उचलून निरखलं आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे. पण वळी जाड आहे." या मे महिन्यात ती पुन्हा येणार आहे. आंटींनी तिच्यासाठी पाच किलो कठिया गहू सांगून ठेवला आहे, आणि सरगुंड्यांच्या काड्या आईनं आतापासूनच पिशवीत भरून ठेवल्या आहेत.