दुखणं सोसत बसू नका

‘घरी न्या, सेवा करा.’ नागपूरहून किंवा हैदराबादहून हे ऐकून आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनथकडची माणसं पेशंटला घेऊन गावी परततात आणि धरून चालतात की आता हातात काही उरलं नाही. खरं तर पुष्कळ उरलेलं असतं.

गैरसमज: उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, शेवटच्या चार दिवसांसाठी असते.
वस्तुस्थिती: ती निदानापासूनच, केमो-रेडिएशनच्या जोडीनं सुरू करायची असते, हृदय, किडनी, लकव्याच्या पेशंटलाही. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांपैकी निम्मे 11.6 महिन्यांहून अधिक जगले. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हाच आकडा 8.9 होता. निराशाही ही सेवा मिळालेल्यांत कमी दिसली.

गैरसमज: मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो, नाहीतर नशेला लागतो.
वस्तुस्थिती: या भीतीपायी किती माणसं रात्र-रात्र कण्हत काढतात! मॉर्फिन साध्या गोळीतूनही देतात. डॉक्टर थोड्या मात्रेनं सुरुवात करून, दुखणं बघत ती वाढवतात. अशा मापात दिलेल्या औषधानं आयुष्य घटत नाही, व्यसनही क्वचितच लागतं. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची. कळ उठायची वाट बघायची नाही. पहिले काही दिवस गुंगी येते. पोट मात्र हटकून धरतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत. मनानं गोळी एकदम बंद करू नये. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती आपल्याच देशात सरकारी परवान्यानं पिकते, तरी अमली पदार्थांच्या 1985च्या कडक कायद्यामुळे दवाखाने मॉर्फिन ठेवायला धजत नसत. 2014च्या दुरुस्तीनं ती वाट बरीच सोपी केली.

गैरसमज: तोंडाच्या कॅन्सरची जखम वास मारणारच.
वस्तुस्थिती: डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड धुतलेल्या जखमेवर टाकली, तर बहुतेकदा काही दिवसांत वास ओसरतो. मग खर्रा-तंबाखूपायी ओसरीच्या कोपऱ्यात पडलेला बाप पुन्हा नातवंडांच्या पंगतीला बसतो. मला तर हा उपचार कुठल्याही ऑपरेशनइतकाच मोठा वाटतो.

गैरसमज: उपशामक सेवेसाठी हैदराबादच गाठावं लागतं.
वस्तुस्थिती: तेलंगणा सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत ही केंद्रं काढली, आदिलाबादलाही. पथक गाडीनं घरीही येतं. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात किंवा गावच्या आशाताईंकडे चौकशी करा. जुने कागद आणि चालू गोळ्या जवळ ठेवा.