ओढकामाचा दोर कसा निवडावा

ज्या काळीं विहिरींवर मोटा चालत असत, त्या काळीं बेंबळीच्या पंचक्रोशींतील शेतकऱ्यास दोराची पारख कोणी शिकवावी लागत नसे. मोटेस दोन दोर असत. भरलेल्या मोटेचा सारा भार वाहून नेणारा तो जाड नाडा, आणि मोटेची सोंड आवरून धरणारा तो बारीक सोंदूर. नाड्याच्या जागीं सोंदूर लावण्याचें वेड कोणाच्याहि डोक्यांत येत नसे. कारण नाडा तुटला तर मोट विहिरींत जाई आणि जोरांत असलेले बैल धांवेवर तोंडघशीं पडत. हे दोर ताग, अंबाडी किंवा केकताड म्हणजे घायपात यांच्या वाखाचे वळलेले असत. त्यांचा वाख पिंजूं लागला, रंग काळवंडला, की म्हातारीं माणसें तो दोर मोटेवरून काढून गुरांच्या दाव्यास देत.

मोट गेली, परंतु ओढकाम गेलें नाहीं. वळवाच्या वादळांत घरावर कललेला कडुनिंब, रस्त्यावर आडवी झालेली बाभूळ, बांधावरचें जुनें खोड, हीं ओढण्याचे प्रसंग दरसाल येतात. बैलांच्या जागीं आतां ट्रॅक्टर आला आहे. दोर मात्र पुष्कळदां घरांत जो सांपडेल तो घेतला जातो. येथेंच धोका आहे. दोर तुटून त्याचें टोक उलटें आलें, तर पाहणाऱ्याचा डोळा किंवा प्राणहि जाऊं शकतो.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे दुकानांतील प्रत्येक रंगीत, गुळगुळीत दोरास ‘नायलॉन’ म्हणतात. वस्तुतः त्यांतील बहुतेक दोर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. विद्यार्थ्यांनीं घरींच करून पाहण्यासारखी एक परीक्षा आहे. दोराचा लहान तुकडा पाण्यांत चांगला बुडवून, त्यांतील हवा पिळून काढून सोडावा. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकें असल्यामुळें तरंगतें. खरें नायलॉन व पॉलिएस्टर हीं तळाशीं जातात. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आहे, पाण्यानें कुजत नाहीं, हें खरें. परंतु मराठवाड्याच्या उन्हांत तें लवकर ठिसूळ होतें. छपरावर वर्षभर पडलेला असा दोर हातानें चोळला असतां त्याची भुकटी निघते. अशा दोरानें झाड ओढूं नये.

नायलॉनचा शोध अमेरिकेंत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेंत १९३५ सालीं लागला. हा तंतु बळकट आहे, पण लवचीक फार. तुटण्यापूर्वीं तो आपल्या लांबीच्या पांचव्या हिश्श्याहूनहि अधिक ताणतो. वरून पडणारी फांदी झेलण्यास हा गुण उपयोगी. परंतु ओढकामांत तोच अवगुण ठरतो. ताणलेल्या दोरांत गलोलीप्रमाणें शक्ति सांठते आणि दोर वा त्याचा आंकडा सुटतांच ती एकदम मोकळी होते. पॉलिएस्टर कमी ताणतें आणि घर्षणाची उष्णताहि बरीच सोसतें. खोडाभोंवतीं वेढे देऊन ओंडका हळूहळू खालीं सोडावयाचा असेल, तर पॉलिएस्टरच घ्यावें.

आतां ज्या दोराविषयीं सध्यां फार बोललें जातें त्याकडे वळूं. नेदरलंड्समधील डी.एस.एम. या कंपनींत पॉल स्मिथ व पीट लेम्स्त्रा यांनीं १९७९ सालीं पॉलिएथिलीनच्या अतिदीर्घ रेणूंचा तंतु काढण्याची रीत सिद्ध केली. बाजारांत तो ‘डायनीमा’ या व्यापारी नांवानें प्रसिद्ध आहे. भाजीच्या पातळ पिशवीचें आणि ह्या तंतूचें मूलद्रव्य एकच, हें ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु पिशवींत रेणु गवताच्या गंजीसारखे अस्ताव्यस्त पडलेले असतात, तर ह्या तंतूंत ते सर्व एका दिशेस ताणून समांतर बसविलेले असतात. बळ तेथून येतें.

आंकड्यांवरून भेद नीट कळेल. १६ मिलिमीटर जाडीचा केकताडाचा दोर सुमारें २ टनांवर तुटतो. पॉलिप्रॉपिलीनचा तेवढाच दोर सुमारें साडेतीन टनांवर, पॉलिएस्टरचा ४ टनांवर, नायलॉनचा ५ टनांवर. आणि ह्या नव्या तंतूचा २० टनांच्या आसपास. पोलादी तारदोरहि ह्यापुढें मागें राहतो, आणि वजनांत तर तो कितीतरी पट जड असतो. १२ मिलिमीटरचा ५० मीटर नवा दोर सुमारें ४ किलो भरतो व एक मुलगाहि तो खांद्यावर नेऊं शकतो. तेवढ्याच तारदोराचें वजन २५ किलोंहून अधिक होईल.

परंतु तुटण्याचा आंकडा म्हणजे ओढण्याचा आंकडा नव्हे. ओढीच्या निदान पांचपट बळ दोरांत असावें. दोन टन वजनाचा ट्रॅक्टर सावकाश ओढीत असतां आपल्या वजनाहून अधिक ओढ सहसा लावीत नाहीं. म्हणजे दोर १० टनांचा हवा, आणि नव्या तंतूचा १२ मिलिमीटरचा दोर साधारण १२ टनांचा असल्यानें तो पुरतो. पॉलिप्रॉपिलीनचा १६ मिलिमीटरचा दोर ह्याच हिशेबानें ७०० किलोंनाच योग्य ठरतो. हा सारा हिशेब सावकाश ओढीचा आहे. ट्रॅक्टर मागें घेऊन हिसका दिला, की तो मोडलाच. कप्पी लावून दोर उलट फिरविला, तर कप्पीच्या बंधावर दुप्पट भार येतो, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

ह्या बळकट दोरांत उणिवाहि आहेत, आणि विकणारे त्या क्वचितच सांगतात. तो इतका निसरडा आहे कीं साधी गांठ त्यांत सरकते, आणि धरली तरी दोराचें निम्मे बळ खाऊन टाकते. म्हणून टोकास गांठीऐवजीं फांसा विणून घ्यावा. पोकळ विणीच्या दोरांत शेवट आंत खुपसावयाचा तो जाडीच्या सुमारें ७२ पट, म्हणजे १६ मिलिमीटरच्या दोरास सुमारें १.१५ मीटर, आणि वरून दोऱ्यानें शिवून टाकावा. दुसरें, तो १५० अंशांच्या अलीकडेच वितळतो, व त्याच्या पुष्कळ अगोदर दुबळा होतो. तापलेल्या सायलेन्सरला तो लागूं देऊं नये आणि खोडावर घासत सोडूं नये. तिसरें, तो ताणत नसल्यामुळें पडता ओंडका झेलण्यास निरुपयोगी आहे; सारा हिसका एका क्षणांत दोरावर व झाडावर बसतो. कप्पीचा व्यास दोराच्या जाडीच्या आठपट तरी असावा.

दोर निवडतांना लांबीचा विचार बळाइतकाच महत्त्वाचा. झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर ट्रॅक्टर उभा राहील एवढा दोर हवा, नाहींतर झाड ओढणाऱ्यावरच येईल. ट्रॅक्टरला तो खालच्या ओढदांडीसच जोडावा. उंच जोडल्यास पुढचीं चाकें उचलून ट्रॅक्टर मागें उलटतो. आणि दोर ताणला असतां त्याच्या दोन्ही बाजूंस वा रेषेंत कोणी उभें राहूं नये. लहान मुलांस तर तेथून दूर पाठवावें. आंबा, चिंच अशीं कांहीं झाडें तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणें आधीं परवानगी लागते, हेंहि पालकांनीं विसरूं नये.

काम संपल्यावर दोर धुवून, सावलींत वाळवून, पोत्यांत ठेवावा. आंत गेलेली वाळू तंतु कापीत असते. कोठें तंतु तुटून लव फुटली असेल, चकाकणारा कडक डाग पडला असेल, तर तो भाग वितळलेला समजावा आणि दोर ओढकामांतून काढावा. काढलेला दोर तसाच अडगळींत टाकूं नये. धारदार सुरीनें त्याचे हातभर तुकडे करावे, म्हणजे पुढच्या वादळांत घाईघाईनें कोणी तो ट्रॅक्टरला बांधणार नाहीं.